ब्रिटनच्या दंतकथांमधल्या राजा आर्थरचा एवढा निष्ठावान सरदार बेडिव्हेअर, मग तो राजाशी दोनदा खोटं का बोलला?
राजाच्या तलवारीचा मोह पडला हे खरंय, पण नुसता मोह नव्हता असं मला वाटतं. या दंतकथा लिहिणाऱ्या मॅलरी या इंग्रज लेखकाच्या १४८५ साली छापलेल्या पुस्तकात आर्थर शेवटच्या घटका मोजतोय आणि सांगतो, जा, माझी तलवार पाण्यात टाकून ये. बेडिव्हेअर जातो, मुठीवरची रत्नं बघतो, तलवार झाडाखाली लपवतो आणि परत येतो, राजा विचारतो काय दिसलं, हा म्हणतो लाटा आणि वारा, झालं, खोटं तिथंच पकडलं जातं! तिसऱ्यांदा खरंच फेकतो तेव्हा पाण्यातून एक हात वर येऊन ती झेलतो. लढाईत शेवटपर्यंत टिकलेल्या माणसाला हेच सगळ्यात जड गेलं, कारण तलवार टाकली की राजा आता वाचत नाही हे स्वतः मान्य करणं आलं ना.