साल्हेर चढलास म्हणून स्की मोहीम जमेल असं नाही

साल्हेर १,५६७ मीटर, तू तो दमछाक न होता चढतोस, मान्य. पण सहा दिवस स्कीवर चालणं म्हणजे गड सर करणं नव्हे. आपली नाशिककरांची खोड एकच, पुढे पळायचं. बर्फात पळालास की घाम येतो, थांबलास की तोच घाम गार पडतो आणि हुडहुडी भरते. निघताना थोडी थंडी वाजली पाहिजे, इतकेच कपडे घाल. आतला थर लोकरीचा; सुती बनियन घरीच ठेव.

चढावर स्कीच्या तळाला 'स्किन' म्हणजे केसाळ पट्टी चिकटवतात. तिचे केस मागे वळलेले, त्यामुळे स्की पुढे सरकते, मागे घसरत नाही. उतरवलीस की जॅकेटच्या आत ठेव, नाहीतर गारठ्याने गोंद धरत नाही. पहिल्या वेळी मी ती सॅकला बाहेर लटकवली होती. पुढचा अख्खा चढ चिकटपट्टी गुंडाळत काढला!

बुटाचं आतलं अस्तर रात्री स्लीपिंग बॅगमध्ये. पाण्याची बाटली उलटी ठेव, बर्फ वरून धरतो.

हिमस्खलन बहुतेक ३० ते ४५ अंशांच्या उतारांवर होतं. गाडलेला माणूस पहिल्या पंधरा मिनिटांत काढला तर वाचण्याची आशा चांगली असते. तेवढ्यात बाहेरून मदत पोचत नाही, सोबतचेच शोधतात. म्हणून ट्रान्सीव्हर (गाडलेल्याचा माग काढणारं रेडिओ यंत्र), प्रोब (बर्फात खुपसून शोधायची लांब काठी), फावडं प्रत्येकाकडे हवं, आणि वापरायचा सराव आधी. गाइड 'मागे फिरा' म्हणाला की हुज्जत नाही.

निघेपर्यंत तयारी म्हणून गोल्फ क्लब ग्राउंडवर कमरेला टायर बांधून ओढ. लोक हसतील, हसू देत.