मोहोर डिसेंबरात, पैसा मार्चमध्ये

रत्नागिरीत एम.एस्सी. करणाऱ्या मुलीने विचारलं आहे की केंद्राने संशोधनासाठी 1 लाख कोटींचा निधी काढला, त्यातलं आमच्यासारख्या कॉलेजला काही मिळेल का? आणि सरकारने नेमकं काय केलं तर देशात विज्ञान वाढेल? मी कोकणात फळझाडांच्या संशोधनात तीसेक वर्षं काढली आहेत, म्हणून जरा सविस्तर लिहितो.

पहिल्याचं उत्तर सरळ आहे. थेट काही मिळणार नाही. जुलै 2025 मध्ये मंजूर झालेला तो निधी खाजगी उद्योगांसाठी आहे. ज्यांचं तंत्र प्रयोगशाळेत सिद्ध होऊन पुढच्या पायरीवर आलंय, त्यांना लांब मुदतीचं, कमी व्याजाचं किंवा बिनव्याजी कर्ज असं त्याचं स्वरूप आहे. त्याची गरज आहेच. आपला देश संशोधनावर राष्ट्रीय उत्पन्नाच्या जेमतेम 0.64 टक्के खर्च करतो, दक्षिण कोरिया 5 टक्क्यांच्या आसपास. तिकडे तीन चतुर्थांशाहून जास्त वाटा उद्योगांचा असतो, आपल्याकडे बराचसा भार सरकारच उचलतं. उद्योगांनी हात सैल सोडावा म्हणून हा निधी आहे. तुमच्या प्रयोगशाळेतल्या मायक्रोस्कोपसाठी नाही.

दुसरा प्रश्न माझ्या जिव्हाळ्याचा. रक्कम किती यावरच सगळी चर्चा अडते. पैसा कधी येतो आणि किती वर्षं येत राहतो, हे मला त्याहून मोठं वाटतं.

एकदा हापूसच्या मोहोरावर आमचा तीन वर्षांचा प्रकल्प मंजूर झाला. चाळीस कलमं निवडली, प्रत्येकावर पत्र्याचा नंबर ठोकला. रात्रीचं तापमान आणि हवेतला दमटपणा नोंदवणारी यंत्रं झाडांवर टांगायची होती, कारण थंडी कधी पडली आणि मोहोर कधी फुटला याचं नातं शोधायचं होतं. मंजुरीचं पत्र जूनमध्ये आलं. पैसे आले मार्चच्या दुसऱ्या आठवड्यात. तोवर मोहोर येऊन गेला होता आणि झाडावर सुपारीएवढ्या कैऱ्या लटकत होत्या. रक्कम 31 मार्चच्या आत खर्च करून विनियोग प्रमाणपत्र, म्हणजे पैसे ठरल्या कामावर खर्च झाल्याचा दाखला, द्यायचं, नाहीतर परत. आम्ही घाईने यंत्रं घेतली, ती कपाटात ठेवली आणि पुढच्या थंडीची वाट पाहिली. तीन हंगामांचा प्रकल्प दोन हंगामांचा झाला.

नुकसान एवढ्यावर थांबलं नाही. कामावर कंत्राटी घेतलेला एक मुलगा होता. चाळीसही कलमं त्याला तोंडपाठ, कुठल्या फांदीला आधी डोळा फुटतो तेही सांगायचा. पाच महिने त्याचा पगार झाला नाही. घर चालवायला तो लोट्याच्या औद्योगिक वसाहतीत एका कंपनीत लागला आणि परत आला नाही. त्याच्या डोक्यातलं ज्ञान कुठल्याच वहीत नव्हतं. मला आजही त्याचं वाईट वाटतं, आणि रागही येतो.

झाडाला आर्थिक वर्ष कळत नाही. वेंगुर्ल्याच्या फळ संशोधन केंद्राने नीलम आणि हापूस यांच्या संकरातून 'रत्ना' आंबा काढला, तो 1981 मध्ये प्रसारित झाला. पुढे रत्ना आणि हापूस यांच्या संकरातून पातळ कोयीचा 'सिंधू' आला, तो 1992 मध्ये. संकर केलेल्या कोयीतून रोप आलं की पहिलं फळ धरायलाच पाच-सात वर्षं जातात, मग काही हंगाम त्याची परीक्षा. म्हणजे एका जातीमागे शास्त्रज्ञाची अर्धी नोकरी. दर तीन वर्षांनी नवा प्रस्ताव मागणाऱ्या व्यवस्थेत हे काम कोणी अंगावर घेईल? दापोलीचं कृषी विद्यापीठ 1972 पासून उभं आहे, त्याच्या वेंगुर्ल्यासारख्या केंद्रांत पगारी माणसं वर्षानुवर्षं एका जागी राहिली, म्हणून हे झालं. रिक्त पदं न भरणं हेही एक धोरणच असतं, आणि ते सगळ्यात महाग पडतं.

याच विद्यापीठाचा, झाडावरून आंबा काढायचा 'नूतन झेला' बघा. आंबा ओढून काढला की देठ तुटतो, चीक उडून सालीवर ओघळतो, तिथे काळा डाग पडतो आणि पुढे देठाकडून कूज लागते. नूतन झेल्यात पातं असं बसवलं आहे की आंबा दोन-तीन सेंटिमीटर देठासकट कापला जातो आणि अलगद जाळीत पडतो. साधं अवजार, पण पेटी उघडल्यावर आंबा स्वच्छ दिसतो आणि भाव राहतो. काढणीच्या वेळी बागेत उभं राहून बघायला कोणीतरी मोकळं होतं, म्हणून असं सुचतं.

आता समुद्राकडे या. 1999 मध्ये इस्रोने ओशनसॅट-1 सोडला, समुद्राच्या पाण्याचा रंग मोजणारा. त्याच वर्षी हैदराबादला इन्कॉइस ही सागरी माहितीची संस्था सुरू झाली. पाण्याचं तापमान आणि हरितद्रव्य उपग्रहावरून पाहून, गार आणि कोमट पाणी जिथे भिडतं आणि खाद्य साचतं, तिथे मासे असण्याची शक्यता ही संस्था कळवते: दिशा, अंतर, खोली. रत्नागिरीच्या मिरकरवाडा बंदरातल्या एका तांडेलाने, म्हणजे बोटीच्या प्रमुखाने, मला मोबाईलवरची ती माहिती दाखवली होती. मीटरमधल्या खोलीचे तो मनातल्या मनात वाव, म्हणजे कोळ्यांचं खोलीचं माप, करत होता. म्हणाला, "सर, रोजच मिळतं असं नाही, पण डिझेल वाया जात नाही." ढग असले की उपग्रहाला खालचं दिसत नाही आणि जून-जुलैत मासेमारी बंदच असते, हे त्याला माझ्याइतकंच ठाऊक होतं. ओशनसॅट-2 2009 मध्ये गेला, तिसरा 2022 मध्ये. पहिला थकल्यावर दुसरा तयार होता, दुसऱ्यानंतर तिसरा. सरकार बदललं म्हणून मालिका तुटली नाही, आणि माहिती फुकट ठेवली. आंब्याच्या प्रयोगाला हेच हवं होतं.

सरकार काहीच शिकत नाही असं मात्र नाही. 2025 मध्ये केंद्राने वैज्ञानिक संस्थांसाठी खरेदीचे नियम सैल केले. कोटेशनशिवाय खरेदीची मर्यादा 1 लाखावरून 2 लाख झाली, आणि जेम या सरकारी ऑनलाइन बाजारावर योग्य उपकरण नसेल तर संस्थाप्रमुख ते बाहेरून घेऊ शकतो. पूर्वी निविदेत सर्वात स्वस्त बसलेलं यंत्र गळ्यात पडायचं आणि वर्षभरात बंद पडायचं. राज्याच्या विद्यापीठांनाही अशीच मोकळीक हवी, कारण देशातली बहुसंख्य मुलं तिथेच शिकतात.

तुमच्यासाठी रस्ता आहे तो संशोधनाला पैसा देणाऱ्या केंद्राच्या अनुसंधान नॅशनल रिसर्च फाउंडेशनचा. 2023 च्या कायद्याने ते उभं राहिलं. 2023 ते 2028 साठी 50,000 कोटींचा आराखडा आहे, पण त्यातला मोठा भाग सरकारबाहेरून यायचा आहे, तेव्हा आकड्याने हुरळू नका. त्यांच्या 'पेअर' योजनेत एक नावाजलेली संस्था मध्ये आणि तिला जोडलेली विद्यापीठं भोवती, अशी रचना आहे. तुमचं विद्यापीठ कुणाशी जोडलं गेलंय का, हे विभागप्रमुखांना विचारा. जोडलेलं असेल तर कॉलेजच्या बाईंना किंवा सरांना पुढे करून प्रस्ताव द्या.

आणि प्रस्तावाच्या पहिल्याच पानावर महिने लिहा. मोहोर कधी, फळधारणा कधी, काढणी कधी. खाली स्पष्ट शब्दांत लिहा, पैसा ऑगस्टअखेर हातात हवा. आम्ही ते लिहिलं नव्हतं.