सोसायटीच्या बुद्धिबळ स्पर्धेत खेळल्याने मुलीची महासंघाची नोंदणी रद्द होईल का? (ठाणे)
नाही, गणेशोत्सवातल्या स्पर्धेमुळे नोंदणी जाणार नाही. खुशाल खेळू द्या. ‘अनधिकृत’ स्पर्धांत खेळणाऱ्यांवर अखिल भारतीय बुद्धिबळ महासंघ पूर्वी खरंच बंदी घालायचा. खेळाडूच भारतीय स्पर्धा आयोगाकडे गेले (बाजारातली स्पर्धा बघणारा आयोग, पटावरची नव्हे) आणि २०१८मध्ये त्याने महासंघालाच ६.९२ लाखांचा दंड ठोठावला. नोंदणीचे पैसे घ्यायचे आणि खेळलात म्हणून दटावायचं, हा कुठला न्याय? मी ठाण्यात पंच म्हणून बसतो, पालक अजूनही हेच विचारतात. फक्त असे डाव फिडे (आंतरराष्ट्रीय बुद्धिबळ महासंघ) रेटिंगला, म्हणजे खेळाडूची ताकद दाखवणाऱ्या गुणांकनाला, धरत नाहीत. पत्रकावर ठळक ‘रेटिंग’ छापलेलं असेल, तर पैसे भरण्याआधी फिडेच्या संकेतस्थळावर स्पर्धेचं नाव शोधा.