रात्रपाळी, झोप आणि शरीराचं घड्याळ : वाचकांच्या प्रश्नांना उत्तरं

शरीराच्या घड्याळाबद्दल तेच तेच प्रश्न येत राहतात आणि त्यांच्यासोबत मोबाइलवर फिरणारे तेच तेच सल्लेही. म्हणून आज एकत्र उत्तरं देते.

प्रश्न : जन्मतारखेवरून २३, २८ आणि ३३ दिवसांच्या चक्रांचा 'बायोऱ्हिदम' तक्ता काढून मिळाला. ऑपरेशनची तारीख त्यावरून ठरवावी का? (कर्वेनगर)

नाही. त्याला शास्त्राचा कसलाही आधार नाही. तारीख सर्जनना विचारा आणि तक्त्यापायी ऑपरेशन लांबवू नका.

प्रश्न : मग शरीरात खरंच घड्याळ असतं का? (सदाशिव पेठ)

असतं. मेंदूच्या तळाशी, डोळ्यांच्या नसा एकमेकींना छेदतात त्याच्या जरा वर, सुमारे २० हजार पेशींचा पुंजका आहे. पेशीच्या आत हे घड्याळ कसं चालतं, ते फळमाशीवर काम करून उलगडणाऱ्या हॉल, रॉसबॅश आणि यंग यांना २०१७ चं नोबेल मिळालं. माणसाचं घड्याळ २४ तासांपेक्षा किंचित सावकाश चालतं; सकाळचा उजेड ते रोज जुळवून देतो.

प्रश्न : मुलगा दहावीला आहे. पहाटे चारला उठवते, तर पुस्तकावर पेंगतो. आळशी आहे का? (बिबवेवाडी)

आळशी नाही. या वयात घड्याळ पुढे सरकतं, झोपच उशिरा येते. त्याला आठ ते दहा तास झोपू द्या. तरीही दिवसभर पेंगत असेल तर डॉक्टरांना दाखवा.

प्रश्न : चाकणला कारखान्यात दर आठवड्याला शिफ्ट बदलते. थर्ड शिफ्टनंतर दिवसा तीन-चार तासच झोप लागते. झोपेसाठी मेलाटोनिनच्या गमी (चघळायच्या गोळ्या) घ्याव्यात का? (भोसरी)

स्वतःच्या मनाने नको. मेलाटोनिन हे रात्र झाल्याचं शरीराला कळवणारं हार्मोन आहे. चुकीच्या वेळी घेतलं तर घड्याळ नको त्या दिशेला सरकतं. शिवाय डबीवर छापलेलं प्रमाण आत असेलच असं नाही. 'नैसर्गिक' या एका शब्दावर या वस्तू खपवल्या जातात, याचा मला संताप येतो.

मूळ दुखणं वेगळं आहे. सकाळी सातला घरी निघता तेव्हा ऊन डोळ्यांत शिरतं आणि मेंदूला वर्दी जाते की दिवस उजाडला. घरी कुकरच्या शिट्ट्या, भंगारवाल्याची हाक, दाराची बेल. झोप टिकणार कशी?

मागे एक कामगार खिशात घडी घातलेला शिफ्टचा तक्ता घेऊन आले. थर्ड, मग सेकंड, मग फर्स्ट, असा उलटा क्रम. घड्याळ मागे ओढण्यापेक्षा पुढे ढकलणं शरीराला सोपं जातं. म्हणून फर्स्ट, सेकंड, थर्ड हा क्रम बरा, आणि तो युनियनने मागून घ्यावा. सोबत आलेली बायको म्हणाली, "नाईट करून आले की बूट काढता काढताच डोळा लागतो यांचा." म्हणजे पाच मिनिटांपूर्वी हेच गृहस्थ नाशिक रस्त्यावर ट्रकांच्या मधून दुचाकी चालवत होते! मला सगळ्यात जास्त धास्ती याची वाटते. पेंग येत असेल तर कृपा करून गाडीला किक मारू नका. कंपनीच्या बसने या, नाहीतर आधी तिथेच वीस मिनिटं डुलकी काढा.

नाईटला जाण्याआधी दीडेक तास झोपा. शिफ्टच्या शेवटच्या चार-पाच तासांत चहा-कॉफी नको. खोलीला जाड पडदे लावा. डायबिटीस, बीपी किंवा फिटची औषधं चालू असतील तर नाईटच्या आठवड्यात ती कधी घ्यायची, हे डॉक्टरांकडून लिहून घ्या. शेजारच्या मशीनवरच्या मित्राचं ऐकू नका.

प्रश्न : दुपारी झोपलं तर चालतं का? (नारायण पेठ)

२०-३० मिनिटं चालतं. तीन तास नको.

प्रश्न : वडील सत्तरीचे आहेत. रात्री आठलाच झोपतात, तीनला उठतात. घोरताना मध्येच श्वास थांबतो. वयाचा परिणाम असेल ना? (धनकवडी)

लवकर झोप आणि लवकर जाग हा बहुधा वयाचा भाग. श्वास थांबणं नव्हे. तो स्लीप अ‍ॅप्निया असू शकतो. त्याने बीपी वाढतं, हृदयावर ताण येतो. घोरणं म्हणजे गाढ झोप, असं समजून लोक वर्षं घालवतात. याच आठवड्यात त्यांना डॉक्टरांकडे न्या. आज रात्री ते घोरत असताना मोबाइलवर दोन मिनिटांचा व्हिडिओ काढा आणि तो दाखवा.