निराधारचे १,५०० सोडून कंपनीत कामाला जाणं परवडतं का?

ताई, तुमचा प्रश्न दोनदा वाचला. वय ३४, मिस्टर दोन वर्षांपूर्वी गेले, पदरात दोन लेकरं, राहायला नागपुरात वाठोड्यात. संजय गांधी निराधार योजनेचे महिन्याला १,५०० येतात, रेशन फुकट मिळतं. आता हिंगणा एमआयडीसीत पॅकिंगचं काम चालून आलंय आणि सगळे सांगतात की कामाला लागलीस की निराधार बंद. मग कशाला जायचं, असं तुम्ही विचारलंय.

मी पारडीला राहते. आमचे हे २०१६ मध्ये गेले. तेव्हा निराधारचे ६०० मिळायचे. मी कामाला निघाले तेव्हा शेजारची काकू म्हणाली होती, "कायले जातं व कामाले, सरकार देऊन रायलं ना!" तिचं मन चांगलं होतं. पण ६०० मध्ये तेव्हा काही भागत नव्हतं आणि आज १,५०० मध्येही भागत नाही. गॅस, वीजबिल आणि एका पोराची ट्यूशन, संपले पैसे. या रकमेने बाया आळशी होतात असं जे म्हणतात, त्यांनी एक महिना त्यात घर चालवून दाखवावं.

आता हिशोब. माझी २०२३ मधली पगारचिठ्ठी समोर घेऊन बसले आहे. मूळ पगार आणि विशेष भत्ता मिळून १२,४००. त्यातून पीएफचे १२ टक्के, म्हणजे १,४८८ कापले. ईएसआयचे, म्हणजे कामगार विम्याचे, पाऊण टक्का, ९३ रुपये. हातात आले १०,८१९. जाण्यायेण्याचे साधारण १,७०० धरा. तुम्हाला प्रजापती नगरहून लोकमान्य नगरपर्यंत मेट्रो आहे, पुढे ऑटो. उरले ९,११९. आता जे हातचं जाईल ते वजा करा. निराधारचे १,५०० आणि तिघांचं १५ किलो धान्य, बाजारभावाने सव्वापाचशे. म्हणजे घरी बसण्यापेक्षा खरी वाढ ७,०९४ रुपयांची. महिन्याचे २६ दिवस धरले तर दिवसाला २७३. माझी सासू घरी होती, लेकरांकडे ती बघायची. तुमच्याकडे कुणी नसेल तर शेजारणीला द्यायचे हजार-दीड हजार यातूनच जातील.

पहाटे पाचला उठून दोन डबे करायचे आणि आठ तास उभं राहायचं, त्याचे २७३. तुम्हाला हे कमी वाटलं तर तुमचं चुकत नाही. मलाही कमीच वाटायचं.

लोक तुम्हाला सांगतात ते दुर्दैवाने खरं आहे. निराधारसाठी कुटुंबाच्या उत्पन्नाची मर्यादा वर्षाला २१,००० आहे, म्हणजे महिन्याला १,७५०. योजना स्वतःच वर्षाला १८,००० देते. कायद्याप्रमाणे पगार देणाऱ्या कंपनीत दोन महिने पूर्ण व्हायच्या आत तुम्ही ती मर्यादा ओलांडता. रेशनचंही तसंच आहे. प्राधान्य कुटुंबासाठी शहरात ५९,००० ची मर्यादा आहे आणि ती पाचव्या महिन्यात संपते. विधवा बाईने स्वतःच्या पायावर उभं राहावं असं खरंच वाटत असेल तर ही मदत एका झटक्यात तोडायला नको, पगार वाढेल तशी हळूहळू कमी करायला हवी. मला याचा फार राग आहे. म्हणूनच कितीतरी बाया विनाकागदाचं रोखीचं काम धरतात, कारण कागदावर पगार दिसला की उत्पन्नाचा दाखला अडतो. पण उत्पन्न लपवा असं मी तुम्हाला सांगणार नाही. पीएफलाही आधार जोडलेलं असतं आणि निराधारलाही, पुढे वसुली निघाली तर एकटी बाई काय करणार? लाडकी बहीणची मर्यादा मात्र अडीच लाख आहे. निराधार बंद झालं आणि तिकडे नवे अर्ज घेणं सुरू असेल, तर तिथे तुमचा पगार आड येत नाही.

रोखीच्या कामाचाही हिशोब करून बघा. ८,००० हातावर, चिठ्ठी नाही, पीएफ नाही. तेच खर्च वजा केले तर दिवसाला १६४ उरतात. मी दोन वर्षं इतवारीतल्या एका दुकानात असंच काम केलं. टायफॉइडने १९ दिवस पडले, १९ दिवसांचे पैसे कापले गेले आणि औषधाला आईची पाटली गहाण पडली. अशा कामासाठी निराधार सोडू नका.

चिठ्ठीवर कापलेल्या त्या दोन रकमा मी मुद्दाम सांगितल्या. सुरुवातीला मलाही वाटायचं की पगार खातात. पण तुमच्या १,४८८ सोबत मालकालाही तेवढेच भरावे लागतात. त्यातले १,०३३ पेन्शनला जातात आणि ४५५ तुमच्या पीएफमध्ये. म्हणजे महिन्याला १,९४३ तुमच्या नावावर, वर व्याज. दहा वर्षं भरली की पेन्शनचा हक्क लागतो. ईएसआयमध्ये तुमच्यासोबत लेकरांचाही इलाज होतो आणि त्याचं मोठं रुग्णालय आपल्या सोमवारी पेठेत आहे. आजारी पडलात, तर हप्त्यांचे दिवस भरलेले असले की पगाराच्या ७० टक्के मिळतात, वर्षाला ९१ दिवसांपर्यंत. २०२१ मध्ये माझ्या लेकाचं अपेंडिक्सचं ऑपरेशन याच विम्यावर झालं. खासगीत ४५,००० सांगितले होते. त्या दिवशी मला ९३ रुपयांची किंमत कळली.

आमचे आजेसासरे एम्प्रेस मिलमध्ये होते. जमशेटजी टाटांनी १८७७ मध्ये सुरू केलेल्या त्या मिलमध्ये १९०१ पासून प्रॉव्हिडंट फंड होता, देशाचा कायदा आला १९५२ मध्ये. ज्या शहरात हे इतकं आधी झालं, तिथेच आज ठेकेदार "पीएफ नको, तेवढे हातात घे" म्हणतो आणि आपण हो म्हणतो.

आमच्या यांनीही हो म्हटलं होतं. बुटीबोरीला सात वर्षं एका ठेकेदाराकडे लोडिंग केलं. गेल्यावर मी कागद शोधले. कपाट, गादीखाली, जुनी बॅग, सगळं. पगारचिठ्ठी एकही नाही, नंबर नाही. ठेकेदार म्हणाला, तो आमच्याकडे कधी कामालाच नव्हता. सात वर्षं मी ज्याचा डबा भरला, तो कुठे कामालाच नव्हता म्हणे.

म्हणून माझं उत्तर असं आहे की जा, पण आधी विचारून जा. पगार बँकेत येणार का, चिठ्ठी मिळणार का, यूएएन (पीएफचा नंबर) आणि ईएसआयचा नंबर कधी देणार. ठेकेदारामार्फत घेत असतील तर हे प्रश्न ठेकेदाराला विचारा, आणि दोन महिन्यांनी उमंग ॲपवर पासबुक उघडून पैसे खरंच भरले का ते बघा. चिठ्ठीवर कापलेले पण खात्यात न भरलेले असं पुष्कळदा होतं. जास्तीचे तास थांबवलं तर कारखान्यात दुप्पट दराने पैसे द्यावे लागतात, तेही ठरवून घ्या. यातल्या कशालाही टाळाटाळ झाली तर दुसरं काम शोधा, तोवर निराधार चालू राहू द्या.

बालसंगोपन योजनेचा अर्ज केलाय का? वडील नसलेल्या लेकरांसाठी महिन्याला प्रत्येकी २,२५० मिळतात. जिल्हा महिला व बालविकास कार्यालयात विचारा.

आणि एक गोष्ट तुम्ही लिहिली नाही. तुमचे मिस्टर कुठे कामाला होते? नोकरीत असताना गेले असतील आणि त्यांचा पीएफ एक महिना जरी भरलेला असेल, तरी तुम्हाला विधवा पेन्शन लागते, कमीत कमी १,००० रुपये, आणि दोन्ही लेकरांना २५ वर्षांची होईपर्यंत वेगळी. पीएफची शिल्लक आणि विम्याची रक्कमही असते. दोन वर्षं झाली म्हणून उशीर झाला असं समजू नका. त्यांच्या पिशव्या, जुना मोबाइल, बँकेचं पासबुक आजच काढा. बारा आकडी यूएएन किंवा पीएफचा एखादा मेसेज सापडला, तर खाली लिहा. कोणता फॉर्म कसा भरायचा ते मी सांगते.