‘स्केल’ म्हणजे पट्टी की सात सूर?

परभणीच्या एका भजनी मंडळात पेटी वाजवणाऱ्यांनी विचारलंय: “मुलाला कीबोर्डच्या क्लासात सांगितलं, ‘ई फ्लॅट मेजर स्केलमधून मेजर ट्रायड काढ.’ ई फ्लॅट म्हणजे आपली काळी दोन, पेटीच्या सप्तकातली दुसरी काळी. आमचे बुवा काळी दोनला गातात, म्हणून त्यांचं स्केल काळी दोन. मग एका पट्टीतून तीन सूर निघतात कसे? आणि ट्रायडला ‘स्वरसंवाद’ म्हटलं तर चालेल का?”

घोळ ‘स्केल’ या शब्दात आहे. बुवांचं स्केल काळी दोन, असं म्हणताना आपण सा कुठं धरला एवढंच सांगतो. त्यासाठी ‘पट्टी’ हा नेमका शब्द आपल्याकडं आहे आणि तोच वापरावा. क्लासातलं मेजर स्केल म्हणजे त्या सा-पासून चढणारे सातही शुद्ध सूर, आपला बिलावल थाट.

त्यातला पहिला, तिसरा, पाचवा घ्या: सा, ग, प. हाच ट्रायड, म्हणजे एकदम वाजवायच्या तीन सुरांची कॉर्ड. काळी दोनला सा, तर ग पांढरी पाच आणि प काळी पाच. काळी-पांढरी एकही न वगळता मोजा. सा-पासून चौथ्या बटणावर ग, तिथून तिसऱ्यावर प. आधी चार, मग तीन, की मेजर. गंधार कोमल केला की आधी तीन, मग चार, आणि कॉर्ड मायनर. सा-प जागचे हलत नाहीत. एका गंधारानं केवढा फरक पडतो ते पेटीवाल्यांना ठाऊकच असतं: भूप रागातला ग तेवढा कोमल केला की शिवरंजनीचे सूर होतात.

‘स्केलमधून’ म्हणण्यालाही कारण आहे. एकाआड एक तीन सूर कुठूनही घेता येतात, पण या सातांत मेजर जमते ती सा, म आणि प यांच्यावरच. रे-म-ध घ्या, रेपासून म तिसऱ्याच बटणावर येतो, म्हणून ती मायनर. नि-रे-म मध्ये तर दोन्ही अंतरं तीन-तीन.

‘स्वरसंवाद’ कानाला गोड लागतो, पण मला तो पटत नाही. शार्ङ्गदेवानं 13व्या शतकात, सिंघण यादवाच्या आश्रयानं, इथल्याच देवगिरीला ‘संगीतरत्नाकर’ लिहिला. त्यात संवादी म्हणजे मध्ये आठ किंवा बारा श्रुती (सप्तकाचे बारीक भाग) असलेले सूर. सा-म बसतात, सा-प बसतात. सा-ग बसत नाहीत. ग ठरतो अनुवादी, म्हणजे नुसता साथीचा सूर. ज्या सुरामुळं कॉर्ड मेजर ठरते, तोच या शब्दात मावत नाही! संवादाला शास्त्रात इतका पक्का अर्थ असताना तो सैल का करायचा? ‘कॉर्ड’ आता खेडोपाडी रुळलाय. ट्रायडला ‘तीन सुरांची कॉर्ड’ म्हणावं.

मुलाला सांगा: “काळी दोनचा सा धर, बिलावलचे सूर घे, त्यातले सा-ग-प एकदम दाब.” ते बसलं की मध्यमावरची म-ध-सा: काळी चार, पांढरी एक, काळी दोन. मग पंचमावरची प-नि-रे: काळी पाच, पांढरी दोन, पांढरी चार.