म्हशींची डॉक्टर व्हायचंय, मग गणित कशाला?

ताई, नमस्कार.

तुमचं पत्र दोनदा वाचलं. तासगावजवळच्या तुमच्या गावात घरच्या चार म्हशींचं वैरणपाणी लेकच बघते, गेल्या वर्षी एक म्हैस व्यायला अडली तेव्हा डॉक्टर येईपर्यंत ती गोठ्यातून हलली नाही, आणि तेव्हापासून तिला जनावरांचं डॉक्टर व्हायचंय, असं तुम्ही लिहिलंय. दहावीला ८८ टक्के पडले, पण गणितात ६८. आता क्लासचे सर म्हणतात, "नीट ही वैद्यकीय प्रवेशाची परीक्षा द्यायची तर गणिताचं ओझं कशाला? त्या जागी भूगोल घ्या, मार्क पडतात." तुमचा भाचा म्हणतो, गणित सोडलं तर पस्तावाल. अकरावीचा अर्ज भरायचे दिवस जवळ आलेत आणि घरात रोज यावरून वाद होतोय.

सर चुकीचं सांगत नाहीत, हे आधी सांगते. पशुवैद्यक पदवीला प्रवेश नीटवरून होतो आणि बारावीला भौतिक, रसायन, जीवशास्त्र आणि इंग्रजी लागतं. गणित लागत नाही. शिरवळचं क्रांतिसिंह नाना पाटील पशुवैद्यक महाविद्यालय आपल्याला जवळचं. येडेमच्छिंद्रच्या नानांचं नाव असलेल्या त्या कॉलेजात आपल्या भागातली मुलगी जावी, असं मलाही मनापासून वाटतं. इंटर्नशिप धरून साडेपाच वर्षांचं शिक्षण आहे ते.

पण त्या जागा मोजक्या असतात. नीटला राज्यभरातून लाखोंनी मुलं बसतात आणि पशुवैद्यककडे वळणाऱ्यांत एमबीबीएस थोडक्यात हुकलेली हुशार मुलंही असतात. म्हणून मी पालकांना नेहमी सांगते की विषय ठरवताना दहावीच्या मार्कांपासून पुढे जाऊ नका, बारावीनंतरच्या प्रवेशाच्या अटींपासून मागे या. पहिल्या पसंतीला काय लागतं ते बघा, आणि ती हुकली तर दुसऱ्या-तिसऱ्या पसंतीला काय लागतं तेही आत्ताच बघा.

तुमच्या लेकीचंच घ्या. जनावरं, दूध, शेती यांतच तिचा जीव आहे. पशुवैद्यक हुकलं तर बीएस्सी अ‍ॅग्री आहे, बी.फार्म. आहे; दोन्ही जीवशास्त्रावर होतात, त्याला गणित नसलं तरी चालतं. पण बी.टेक. डेअरी टेक्नॉलॉजीला गणित लागतं. कृषी अभियांत्रिकीला लागतं. इंजिनिअरिंगच्या नेहमीच्या शाखांना भौतिक आणि गणित दोन्ही लागतात. भिलवडीच्या चितळ्यांसारख्या डेअरीत दूध तपासणाऱ्या, यंत्रं चालवणाऱ्या माणसांची शिक्षणं बघा, म्हणजे म्हशीच्या आजूबाजूला किती कामं असतात ते कळेल. त्यातली बरीच कामं गणिताऐवजी भूगोल घेतल्याने हातची जातील, आणि बदल्यात काय मिळेल? बारावीच्या टक्केवारीत थोडी भर. ती टक्केवारी नीटच्या गुणवत्ता यादीत धरतच नाहीत. तिथे बारावीचे मार्क फक्त किमान पात्रतेपुरते.

म्हणून माझं मत: चारही विषय ठेवा. इंग्रजी आणि मराठीसोबत भौतिक, रसायन, गणित, जीवशास्त्र. मग ती नीटही देऊ शकते आणि एमएचटी-सीईटी या राज्याच्या प्रवेश परीक्षेचे पीसीबी (भौतिक, रसायन, जीवशास्त्र) व पीसीएम (भौतिक, रसायन, गणित) हे दोन्ही गटही. आणखी एक. कॉलेजात कुणी बायफोकल, म्हणजे दोन विषयांच्या जागी घ्यायचा कॉम्प्युटर किंवा इलेक्ट्रॉनिक्ससारखा व्यवसाय विषय सुचवला, तर त्यापायी जीवशास्त्र जातंय का, हे आधी विचारा. मार्क चांगले पडतात म्हणून मुलं घेतात आणि दोन वर्षांनी नीटचा फॉर्म भरताना अडतात.

तरी माझ्या या मताला एक अट आहे. ते ६८ कुठून आले, हे लेकीला शेजारी बसवून विचारा. बीजगणित बरं गेलं आणि भूमितीच्या सिद्धता लिहिताना अडली असेल, तर घाबरू नका. अकरावीच्या गणितात तसल्या सिद्धता फारशा नाहीत; त्रिकोणमिती, सरळ रेषा, वर्तुळ, संभाव्यता असं असतं आणि बीजगणितावर हात बसलेल्या मुलीला ते जमतं. पण समीकरण मांडतानाच ती गोंधळत असेल, गणिताचं पुस्तक उघडलं की रडू येत असेल, तर माझा सल्ला उलटा आहे. सोडा गणित, सरांचं ऐका. एका विषयाच्या धास्तीत जीवशास्त्राचा अभ्यास बुडाला तर तिचं खरं स्वप्नच जाईल. यातलं काय खरं, हे सरांना नाही, मला नाही, फक्त तिलाच माहीत आहे. तिला दोन दिवस द्या आणि तोपर्यंत घरात कुणी बोलू नका, भाच्यानेसुद्धा.

आता अकरावीबद्दल, कारण माझ्याकडे येणारी सगळ्यात जास्त मुलं इथेच घसरतात. दहावीचा ताण गेला, बारावी लांब आहे, अकरावीचे मार्क कुठे धरत नाहीत, म्हणून वर्ष निघून जातं. मार्क धरत नाहीत हे खरं, पण अभ्यासक्रम धरतात. नीटमध्ये अकरावी-बारावी दोन्ही वर्षांचं येतं. सीईटीत सुमारे २० टक्के प्रश्न अकरावीवर असतात. बारावीच्या दिवाळीनंतर अकरावीचं पुस्तक पहिल्यांदा उघडणारी मुलं मी पाहिली आहेत. त्यांचे चेहरे विसरता येत नाहीत. नीटसाठी एनसीईआरटीचं जीवशास्त्राचं पुस्तक जूनमध्येच आणा आणि बोर्डाच्या पुस्तकासोबत रोज थोडं वाचू द्या.

कॉलेज निवडताना प्रयोगशाळा खरंच चालते का, हे तिथल्या बारावीच्या मुलांना विचारा. भौतिक, रसायन, जीवशास्त्र प्रत्येकी ३० मार्क प्रात्यक्षिकाचे असतात. "नावाला प्रवेश घ्या, दिवसभर क्लासला बसा" असं कुणी सांगितलं तर माझं स्पष्ट नाही. जनावरांची डॉक्टर होऊ पाहणाऱ्या मुलीने सूक्ष्मदर्शकाला हातच लावला नाही, असं कसं चालेल? सांगलीला रोज येण्याजाण्याचा खर्च तुम्ही विचारलाय. ग्रामीण भागातल्या मुलींना बारावीपर्यंत एसटीचा पास मोफत मिळतो. शाळा-कॉलेजचा दाखला घेऊन आगारात चौकशी करा.

प्रवेश आता राज्यभर ऑनलाइन आहेत. पसंतीक्रमात पहिलं कॉलेज नुसतं नावाजलेलं म्हणून टाकू नका. तेच मिळालं आणि नको झालं, तर पुढच्या फेऱ्यांत अडचण होते. रोज जाता येईल असंच पहिलं टाका.

कागदपत्रांचं मात्र आजच सुरू करा. डोमिसाईल, आणि लागू असेल तर जातीचा दाखला, नॉन-क्रीमीलेअर, जात पडताळणी. पडताळणीला महिने लागतात. बारावीच्या निकालानंतर तहसीलच्या रांगेत उभं राहायची वेळ येऊ देऊ नका.

लेकीने गणिताचं काय ठरवलं ते मला कळवा. ठेवायचं म्हणाली तर तिला रविवारी घेऊन या, पहिल्या दोन धड्यांचा अभ्यास कसा मांडायचा ते आम्ही दोघी मिळून ठरवू.